साखरबेटांचे टपाल

कॅरिबियन समुद्रातील इंग्रजी वसाहतींशी टपालाचा नियमित संबंध जोडण्याचा पहिला प्रयत्न एडमंड डमर याने १७०२ साली केला. परंतु स्पेनच्या गादीवरून युरोपात पेटलेल्या युद्धात त्याची गलबते एकामागून एक शत्रूच्या हाती पडत गेली, पदरचे द्रव्य सरले, आणि अवघ्या नऊ वर्षांत ती डाक बंद पडली. पुढे फालमथच्या बंदरातून सुटणाऱ्या शिडाच्या गलबतांवर, वाऱ्याच्या मर्जीवर आणि कप्तानाच्या इमानावर भरवसा ठेवून, बार्बेडोस, जमैका, अँटिग्वा येथील मळेवाल्यांचा आणि लंडन, ब्रिस्टल व ग्लासगो येथील त्यांच्या अडत्यांचा पत्रव्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत राहिला. १८३९ सालच्या सप्टेंबरात ‘रॉयल मेल स्टीम पॅकेट कंपनी’ला सनद मिळाली, सरकारने तिला वर्षाला २,४०,००० पौंडांचा मक्ता दिला, आणि १८४२च्या जानेवारीपासून तिच्या आगबोटी बेटाबेटांतून फिरू लागल्या. या कंपनीची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्या जेम्स मॅक्वीनने आपले तारुण्य ग्रेनाडा बेटावरील एका उसाच्या मळ्याचा कारभार पाहण्यात घालवले होते आणि पुढे गुलामगिरीच्या समर्थनार्थ हिरिरीने लेखणी चालवली होती. आज मखमलीवर मांडून ज्यांची लिलावात बोली पुकारली जाते ती तिकिटे आणि ते लिफाफे कोणत्या अर्थव्यवहाराच्या पोटी जन्माला आले, हे ध्यानी यावे म्हणून ही गोष्ट आरंभीच सांगितली.

आगबोटी आल्या तरी समुद्र तोच होता. १८४७ साली ‘ट्वीड’ मेक्सिकोच्या आखातातील खडकांवर फुटली, १८५२ साली ‘अ‍ॅमेझॉन’ पहिल्याच सफरीत बिस्केच्या उपसागरात आगीच्या भक्ष्यस्थानी पडली, आणि १८६७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात आलेल्या चक्रीवादळात ‘ऱ्होन’ ही व्हर्जिन बेटांपैकी सॉल्ट आयलंडच्या किनाऱ्यावर आपटून शंभरांहून अधिक माणसांसह बुडाली. महत्त्वाच्या पत्राच्या दोन प्रती करून त्या निरनिराळ्या बोटींनी रवाना करण्याचा व्यापाऱ्यांचा जुना प्रघात त्यामुळे सुटला नाही. ज्याने असे पत्र पाठवले त्याला ते पोचले की बुडाले हे कळण्यास उलट डाकेची वाट पाहावी लागे, आणि त्या अवधीत साखरेचा भाव, मळ्यावरचे कर्ज आणि कधीकधी पत्र लिहिणारा स्वतःही, यांपैकी काहीच पूर्वीसारखे उरलेले नसे.

या दूरत्वातूनच पुढे संग्राहकांची सारी दुर्मिळता निर्माण झाली, असे माझे मत आहे. वसाहतींची बहुतेक तिकिटे लंडनमध्ये पर्किन्स बेकन, वॉटरलो यांसारख्या छापखान्यांत कोरली व छापली जात. बेटावरच्या पोस्टमास्तराने साठा तपासायचा, मागणीपत्र लिहायचे, ते सरकारी दफ्तरांतून फिरत छापखान्यापर्यंत जायचे, आणि छापलेल्या तावांची पेटी पुन्हा महासागर ओलांडून यायची. हा फेरा पुरा होईपर्यंत खिडकीवरचे गिऱ्हाईक काही थांबत नाही. मग स्थानिक अधिकाऱ्याने जवळ असेल त्या साधनाने निभावून न्यायचे. बार्बेडोसमध्ये १८७८च्या मार्चात एक पेनीची तिकिटे संपली, तेव्हा पाच शिलिंगांच्या गुलाबी रंगाच्या तिकिटांना उभी छिद्ररेषा पाडून त्यांचे दोन तुकडे करण्यात आले आणि प्रत्येक अर्धुकावर पेनीचा आकडा छापण्यात आला. मूळ साठ पेनींचे तिकीट असे दोन पेनींच्या कामी आले. हिशेबनिसाच्या दृष्टीने ही केवळ आपद्धर्माची तजवीज होती. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र ती सारी एका टंचाईची लेखी साक्ष आहे.

सरकारी डाकखान्याची वाट न पाहता स्वतःचे तिकीट काढणारेही होते. त्रिनिदादमध्ये पोर्ट ऑफ स्पेन व सान फर्नांडो या दोन गावांच्या दरम्यान ‘लेडी मॅक्लिऑड’ नावाची एक लहान आगबोट चाले. गव्हर्नराच्या पत्नीचे नाव तिला दिलेले होते. तिचा मालक डेव्हिड ब्राइस याने १८४७च्या एप्रिलात पत्रांच्या हशिलासाठी निळ्या रंगाचे शिळाछाप तिकीट काढले. त्यावर देशाचे नाव नाही, किंमत नाही. फक्त पांढरी आगबोट आणि खाली तिच्या नावाची गुंफलेली आद्याक्षरे. पाच सेंटांना एक, आणि घाऊक घेतल्यास चार डॉलरांना शंभर, असा दर होता. रद्द करताना त्यावर लेखणीने फुली मारीत किंवा त्याचा एक कोपरा फाडून टाकीत. आज असा फाटक्या कोपऱ्याचा नग हाती आला तर जाणता संग्राहक त्याला दोष समजत नाही, कारण ते तिकीट बोटीवरून खरोखर प्रवास करून आल्याची ती खूण असते.

परंतु टंचाई, दूरत्व आणि लिलाव यांची गाठ जिच्यात सर्वांत घट्ट बसली ती वसाहत म्हणजे ब्रिटिश गयाना. भूगोलदृष्ट्या ती दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर असली तरी इतिहासाने तिला वेस्ट इंडीजच्याच पंक्तीत बसवले आहे. तेथील पहिली तिकिटे १८५० साली जॉर्जटाउनमधील ‘रॉयल गॅझेट’च्या छापखान्यात छापली गेली. वर्तुळात वसाहतीचे नाव, मधोमध किंमत, एवढीच त्यांची सजावट. आणि सुताच्या रिळावर चिकटवतात तशा कागदी चकत्यांशी त्यांचे इतके साम्य होते की संग्राहकांत त्यांना ‘कॉटनरील’ हेच नाव रूढ झाले. इतके साधे तिकीट कोणीही नक्कल करून छापील, ही भीती उघडच होती. म्हणून विक्रीपूर्वी प्रत्येक तिकिटावर डाकखात्यातील एका अधिकाऱ्याने अगर कारकुनाने आपली आद्याक्षरे शाईने लिहावीत असा हुकूम निघाला. पुढच्या वर्षी जॉर्जटाउन शहरात घरपोच टपाल वाटण्याची योजना आली आणि तिच्यासाठी दोन सेंटांचे गुलाबी तिकीट निघाले. योजना लवकरच बारगळली, आणि ते तिकीट हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच शिल्लक राहिले.

या दोन सेंटांच्या तिकिटांची एक जोडी ज्या लिफाफ्यावर टिकून राहिली त्याची हकीकत मला फार मोलाची वाटते. तो लिफाफा ब्लँकेनबर्ग या गावच्या मिस रोज नामक कृष्णवर्णीय बाईंच्या नावे आलेला होता. पुढे १८९६च्या सुमारास जॉर्जटाउनमधील ख्राइस्ट चर्चचे कॅनन जोसा हे चर्चच्या कामासाठी वर्गणी गोळा करीत असता, वार्धक्याने वाकलेल्या मिस रोज यांनी जपून ठेवलेला तो लिफाफा दानात दिला, आणि विक्रीतून चर्चला दोनशे पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. तिकिटांच्या इतिहासात राजे, सरदार आणि गिरणीमालक पुष्कळ भेटतात. पण ज्या व्यक्तीच्या नावाने आलेले पत्र त्या व्यक्तीनेच पंचेचाळीसएक वर्षे सांभाळले आणि स्वतःच्या हाताने धर्मकार्याला वाहिले, असा दाखला विरळा.

१८५६ सालच्या आरंभी लंडनहून वॉटरलोची तिकिटे येण्यास पुन्हा उशीर झाला. पोस्टमास्तर ई. टी. ई. डाल्टन यांनी ‘ऑफिशियल गॅझेट’ छापणाऱ्या बॉम आणि डॅलस यांना काम सांगितले. छापखान्यात जहाजांच्या आगमन-निर्गमनाच्या जाहिरातींसाठी ठेवलेला गलबताचा एक ठोकळा होता, तोच मधे बसवण्यात आला. भोवती वसाहतीचे लॅटिन ब्रीदवाक्य जुळवले गेले, आणि गडद किरमिजी रंगाच्या कागदावर काळ्या शाईने तिकिटे निघाली. डाल्टन यांचे समाधान झाले नाही, आणि पुन्हा आद्याक्षरांचा हुकूम सुटला. चार सेंटांचे तिकीट पत्रांसाठी होते; ती पत्रे फायलींत राहिल्यामुळे त्याचे काही नग टिकले. एका सेंटाचे तिकीट वर्तमानपत्रांच्या वेष्टनासाठी होते, आणि वाचून झालेल्या वर्तमानपत्राचे वेष्टन कोण जपून ठेवतो?

त्या एका सेंटाच्या तिकिटाचा एकच नग जगात ज्ञात आहे. चारी कोपरे कापल्यामुळे अष्टकोनी झालेला, पृष्ठभाग घासून फिका पडलेला, डावीकडे कारकून एडमंड वाइट यांची ‘ई. डी. डब्ल्यू.’ ही अक्षरे आणि वर त्याच वसाहतीतील डेमेरारा येथील डाकखान्याचा ४ एप्रिल १८५६ या तारखेचा शिक्का असलेला. १८७३ साली व्हर्नन व्हॉन या बारा वर्षांच्या स्कॉटिश मुलाला घरच्या जुन्या कागदांत तो सापडला, आणि याहून चांगली प्रत पुढे मिळेल अशा समजुतीने त्याने तो सहा शिलिंगांना नील मॅकिनन यांना विकला. १८७८ साली मॅकिनन यांचा संग्रह इंग्लंडात गेला आणि लिव्हरपूलच्या थॉमस रिडपाथ यांच्याकडून ते तिकीट फिलिप फॉन फेरारी याच्या हाती पडले. हा फेरारी पॅरिसमधील एका प्रासादात जन्मलेला आणि गाल्लिएराच्या डचेसचा पुत्र. त्याने आपली अफाट संपत्ती आणि उभे आयुष्य तिकिटे गोळा करण्यात वेचले, आणि मरणोत्तर सारा संग्रह बर्लिनच्या टपाल-संग्रहालयाला मिळावा असे मृत्युपत्र केले. १९१७ साली, ऐन महायुद्धात, तो वारला. फ्रान्स सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून संग्रह जप्त केला आणि १९२१ ते १९२५ या काळात पॅरिसच्या ‘ओतेल द्रुओ’ येथे चौदा लिलावांत तो विकून टाकला. देणाऱ्याच्या इच्छेचे जे झाले ते न्याय्य होते असे मला कधीच वाटले नाही. तथापि तिकिटांच्या लिलावाला जागतिक प्रतिष्ठा आली ती याच विक्रीने, हे मात्र नाकारता येत नाही.

१९२२च्या एप्रिलातील बोलीत न्यूयॉर्क राज्यातील युटिका गावचा गिरणीमालक आर्थर हाइंड याने या एका तिकिटासाठी ३,००,००० फ्रँक, शिवाय सरकारी कर, मोजले. ब्रिटनच्या राजघराण्याच्या जगप्रसिद्ध संग्रहात हे तिकीट आजही नाही. हाइंडच्या मृत्यूनंतर ते आपल्याला नवऱ्याने दिलेले आहे असा दावा त्याच्या विधवेने केला. १९४० साली ते ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या फ्रेडरिक स्मॉल या इंजिनियराकडे गेले. पुढे १९७० साली लिलावात २,८०,००० डॉलर, १९८० साली ९,३५,००० डॉलर, २०१४ साली सुमारे ९५ लाख डॉलर आणि २०२१ साली सुमारे ८३ लाख डॉलर अशी त्याची किंमत झाली. १९८० साली ते घेणारा जॉन दु पाँ खुनाच्या गुन्ह्याची शिक्षा भोगत असता तुरुंगात वारला. २०१४ साली घेणारा स्टुअर्ट वाइट्समन पादत्राणांचा कारखानदार होता. तिकिटाच्या पाठीवर मालकांनी आपापल्या खुणा केल्या आहेत: फेरारीची तीन पाकळ्यांची मुद्रा, दु पाँची आद्याक्षरे आणि वाइट्समनने रेखाटलेला उंच टाचेचा एक बूट. २०२१ साली ते ‘स्टॅनली गिबन्स’ या लंडनच्या पेढीने विकत घेऊन त्याच्या मालकीचे ऐंशी हजार हिस्से काढले व ते जनतेला विक्रीस ठेवले. वृत्तपत्राच्या वेष्टनासाठी छापलेल्या कागदाच्या तुकड्याचे असे रोखे व्हावेत याचे मला दुःख होते. ज्या वस्तूकडे पाहिले असता एका वसाहतीच्या कचेरीतील अडचण, घाई आणि एका कारकुनाचा हात डोळ्यांपुढे उभा राहतो, तिच्याकडे केवळ भावाच्या चढउतारासाठी पाहणे म्हणजे तिच्यातील वाचण्याजोगे सर्व काही झाकून ठेवणे होय.

सुदैवाने या छंदात दुसरा एक प्रवाह आहे, आणि विसाव्या शतकात लंडनचे लिलावदार रॉब्सन लो यांच्यासारख्यांनी त्याला बळ दिले. हा प्रवाह टपाल-इतिहासाचा. पूर्वीचे संग्राहक लिफाफ्यावरून तिकीट सोडवून घेत आणि लिफाफा फेकून देत; टपाल-इतिहासाच्या अभ्यासकाला तिकिटाइतकाच शिक्का, मार्ग, हशिलाचा आकडा, पत्ता आणि पत्राचा मजकूर महत्त्वाचा असतो. १८५८ पासून १८६० पर्यंत वेस्ट इंडीजच्या अनेक डाकखान्यांत प्रत्यक्ष ब्रिटनचीच तिकिटे विकली जात, आणि ती कोणत्या बेटावर वापरली हे केवळ रद्द करण्याच्या शिक्क्यातील क्रमांकावरून कळते: ‘ए ०१’ म्हणजे जमैकाचे किंग्स्टन, ‘ए ०९’ म्हणजे नेव्हिस, ‘ए १३’ म्हणजे टोर्टोला, ‘ए १८’ म्हणजे अँटिग्वातील इंग्लिश हार्बर. राणीचा तोच चेहरा, तोच रंग, तीच सहा पेनींची किंमत. पण शिक्क्यातील एक आकडा बदलला की तिकिटाची किंमत कितीतरी पटींनी बदलते. डाकखात्यातील अधिकारी व कादंबरीकार अँथनी ट्रॉलप याला याच काळात तिकडच्या डाकव्यवस्थेची पाहणी करण्यासाठी पाठवण्यात आले होते. डेन्मार्कच्या सेंट थॉमस बेटावरून बोटींची फाटाफूट होण्याऐवजी ते केंद्र जमैकाला न्यावे असे त्याचे मत पडले. १८६० साली या वसाहतींची डाकखाती लंडनच्या हाताखालून काढून स्थानिक अंमलाकडे सोपवण्यात आली, आणि ‘ए’ क्रमांकांखालील ब्रिटिश तिकिटांचा अल्पकाळ तेथे संपला.

जेथे एका आकड्यावर एवढी किंमत ठरते तेथे लबाडी आल्याशिवाय राहत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मादाम जोसेफ’ या नावाने ओळखले जाणारे बनावट शिक्के लंडनच्या व्यापारात फिरत होते. ब्रिटिश वसाहतींच्या शेकडो डाकखान्यांचे शिक्के त्यांत होते आणि वेस्ट इंडीजही त्यांत आले. कारण साधे आहे. अनेक लहान बेटांची मोठ्या किमतीची तिकिटे कोरी पुष्कळ मिळत, पण डाकेत खरोखर वापरलेली क्वचित. तेव्हा कोऱ्या तिकिटावर जुन्या तारखेचा शिक्का उठवला की त्याचे मोल चढे. म्हणून आजचा सावध खरेदीदार लिलावापूर्वीच्या पाहणीच्या दिवशी चिमटा आणि भिंग घेऊन बसतो, शिक्क्याच्या अक्षरांतील अंतरे अस्सल नमुन्याशी ताडून पाहतो, त्या तारखेस त्या बंदरात बोट लागली होती काय हे जुन्या वर्तमानपत्रांतून तपासतो, आणि शक्य असेल तेव्हा लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञसमितीचा दाखला मागतो. लिलावगृहाची राखीव किंमत, अनुपस्थित गिऱ्हाइकांच्या वतीने बोली लावणारे दलाल, हातोडा पडल्यावर मूळ बोलीवर चढणारे कमिशन, हा सारा व्यवहार घोड्यांच्या अगर जमिनीच्या लिलावाहून फारसा निराळा नाही. निराळे आहे ते हे परीक्षण, आणि त्यात मला खरी विद्वत्ता दिसते.

मात्र या कागदपत्रांतून जे बोलतात ते कोण, हा प्रश्न मला नेहमी छळतो. लिलावात येणारी १८४० पूर्वीची बहुतेक पत्रे मळेवाले, त्यांचे मुखत्यार आणि अडत्ये यांच्या दफ्तरांतून आलेली आहेत, कारण दफ्तर ठेवणारे तेच होते. त्यांत साखरेची पिंपे मोजलेली असतात, रमचे भाव असतात, आणि त्याच शाईने, त्याच शांतपणे, माणसांची किंमतही लिहिलेली असते. १८३४ साली कायद्याने गुलामगिरी संपली तेव्हा मालकांना दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई मिळाली; मुक्त झालेल्यांना काहीच मिळाले नाही. चारच वर्षांनी, १८३८ साली, कलकत्त्याहून ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही जहाजे करारबद्ध मजूर घेऊन डेमेराराला पोचली, आणि पुढील एकोणऐंशी वर्षांत सुमारे २,३९,००० हिंदी माणसे एकट्या ब्रिटिश गयानात उतरवली गेली. या करारपद्धतीचा समूळ अंत व्हावा असा ठराव गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९१२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मांडला. हिंदी सभासद त्यांच्या पाठीशी होते, सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला, आणि पाच वर्षांनी सरकारला ती भरती थांबवावीच लागली. त्रिनिदाद, गयाना, जमैका येथील मजुराचे दुःख गोखल्यांनी आकड्यांनिशी मांडले, परंतु त्या मजुराने आपल्या घरी लिहिलेले पत्र मात्र लिलावाच्या सूचिपत्रांत मला शोधूनही क्वचितच भेटते. अंगठा उठवणाऱ्याच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्याने कोणाकडून लिहवून घेतले त्याचे पत्र जपायला कचेरी नव्हती.

सरकारचे मौनही टपालात उमटते. १९२० च्या सुमारास जमैकाने सचित्र तिकिटांची एक मालिका काढली, आणि तिच्यात गुलामगिरीच्या अंताचे स्मरण करणारे सहा पेनींचे तिकीट योजलेले होते. ते छापले गेले. नमुन्यादाखल ‘स्पेसिमेन’ असा छाप मारून आंतरराष्ट्रीय टपालसंघामार्फत काही प्रती वाटल्याही गेल्या. पण विक्रीस मात्र ते कधीच आले नाही. बेटाच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना ज्यावर चित्रित होती ते तिकीट बेटावरच्या एकाही माणसाला खिडकीवर विकत घेता आले नाही, आणि आज त्याच्या उरलेल्या मोजक्या प्रती लिलावात येतात तेव्हा त्यांच्यासाठी चढाओढ होते.

टपाल-इतिहासाचे अभ्यासक १९५४ पासून ‘ब्रिटिश वेस्ट इंडीज स्टडी सर्कल’च्या रूपाने संघटित झाले आहेत, आणि शिक्क्यांची, मार्गांची, ज्ञात प्रतींची जी चोख नोंद त्यांनी उभी केली आहे तिच्याविषयी आदर वाटावा असेच ते काम आहे. तरी लिलावाची एक रीत त्यांच्याही आवाक्याबाहेर राहिली आहे. एखाद्या मळ्याच्या दफ्तरातील शेकडो पत्रे एकत्र येतात, आणि नफ्यासाठी त्यांचे शेकडो लॉट पाडले जातात: शिक्का ठळक असलेले पत्र एकाला, बुडालेल्या बोटीतून वाचलेले दुसऱ्याला, तिकिटांची जोडी असलेले तिसऱ्याला. लिफाफ्याचे छायाचित्र सूचिपत्रात छापतात. आतल्या मजकुराचे नाही. ती पत्रे पुन्हा कधी एका टेबलावर येत नाहीत, आणि त्यांत नावानिशी लिहिलेली मजुरांची व गुलामांची यादी पानापानाने जगभर विखुरते. दफ्तर मोडण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक पानाची प्रत काढून ती किंग्स्टन, पोर्ट ऑफ स्पेन अथवा जॉर्जटाउन येथील सरकारी अभिलेखागारात जमा करावी, एवढी अट लिलावगृहांनी आपण होऊन घालून घेतली पाहिजे. खरेदीदाराला त्याने एक पैचाही तोटा होत नाही, आणि ज्यांच्या पूर्वजांची नावे त्या पानांवर आहेत त्यांना ती वाचण्यासाठी लंडन वा न्यूयॉर्कच्या बोलीत उतरावे लागणार नाही.